छ रांगेतली सतरावी खुर्ची

हेमांगी तारळेकरचं भाषण सुरू होऊन चार मिनिटं झाली नाहीत तोच सगळं सभागृह उठून गेलं. हे तिला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, सांगलीत विश्रामबागेतल्या आपल्या घरी, चहाचा कप हातात असताना. कारण भाषण तिने केलंच नव्हतं. तिने फक्त दीड पानाचा प्रस्ताव पाठवला होता. भाषण यंत्राने केलं, ते यंत्रानेच ऐकलं आणि कंटाळून उठून गेलं तेही यंत्रच.

तिच्या पडद्यावर सभागृहाचा नकाशा होता. वरून पाहिल्यावर दिसाव्यात तशा खुर्च्यांच्या रांगा, क पासून ढ पर्यंत. ऐकणाऱ्याची खुर्ची हिरवी आणि उठून गेलेल्याची राखाडी. आरंभी पोपटी दिसणारं शिवार बघता बघता राखाडी होत गेलं, आणि शेवटी एकच हिरवा ठिपका उरला. छ रांगेतली सतरावी खुर्ची. ती शेवटपर्यंत तशीच हिरवी राहिली होती.

"काय झालं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नापास झाले."

"तू?" आई बाहेर आली. तिच्या आवाजात काळजीपेक्षा कुतूहलच जास्त होतं, कारण हेमांगी आयुष्यात कधी नापास झाली नव्हती. "मग परत बस की परीक्षेला."

परत बसता येणार होतं. प्रत्येकाला तीन संधी असतात. पण ही परीक्षा हेमांगीची नव्हती, तिच्या मॉड्यूलची होती, आणि तिथे नापास होणं परवडणारं नव्हतं.

आता मॉड्यूल म्हणजे काय, ते सांगायला हवं. घर बांधणारा गवंडी विटा स्वतः भाजत बसत नाही, तसं वेब ॲप्लिकेशन लिहिणारा माणूस सगळं स्वतः लिहीत नाही. तारखेचा भाग एकाने लिहून ठेवलेला असतो, नकाशाचा दुसऱ्याने. हे तयार भाग एका सार्वजनिक भांडारात असतात आणि तिथून कुणीही उचलावेत. हेमांगीच्या मॉड्यूलचं नाव होतं 'वेळकाढू'. नाव चावट होतं आणि ते तिने ठेवलेलं नव्हतं. माणसं ज्या भाषेत वेळ सांगतात, त्यातून घड्याळातली वेळ काढायची, एवढंच त्याचं काम. दवाखान्याच्या फॉर्मवर कुणी लिहिलं, 'जेवणं आटोपल्यावर येतो', तर वेळकाढू त्याचे दीड करून देई. 'दिवेलागणीला' म्हटलं तर महिना बघून, पौषात सहा आणि वैशाखात सात. तालुक्याची रुग्णालयं, पशुवैद्यकीय केंद्रं, तलाठ्यांच्या भेटींचे फॉर्म अशा हजारो ठिकाणी हे मॉड्यूल गुपचूप काम करत होतं. खुद्द आईने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ त्यावरूनच घेतली होती, आणि वर लेकीला म्हणाली होती, "फॉर्म हुशार आहे गं, कुणी केलाय कोण जाणे."

दोन वर्षांपूर्वी असंच एकट्या माणसाच्या भरवशावर चाललेलं एक मॉड्यूल भलत्याच्या हातात गेलं आणि देशभरातली बँकांची पानं दिवसभर बंद पडली. तेव्हापासून भांडाराने नियम केला की प्रत्येक मॉड्यूलला निदान दोन सांभाळणारे हवेत. नसतील तर वर्षअखेर ते भांडारातून काढलं जाईल. वेळकाढूला एकच सांभाळणारी होती. तिने दुसरं माणूस शोधून पाहिलं होतं. दोघे जण आले, नाव लावलं आणि गायब झाले. जुन्या मॉड्यूलची डागडुजी करायला कोण येणार? नवं बांधण्यात मजा असते आणि नावही होतं.

एकच आशा होती, पुण्याच्या मॉड्यूल मेळाव्याची. त्या मेळाव्यात एक रिवाज होता, कुठेही लिहिलेला नसलेला. ज्याला सोबती हवा असेल, तो मंचावर आपल्या शेजारी एक खुर्ची रिकामी ठेवून भाषण करतो. भाषण संपलं की ज्याला जबाबदारी घ्यायची, तो उठून येतो आणि त्या खुर्चीवर बसतो. बोलाचाली, करार-मदार काही नाही. बसला की बसला. कित्येक मॉड्यूल अशी वाचली होती. पण खुर्ची ठेवायला आधी मंच मिळायला हवा, आणि मंच आता प्रतिसभा देत असे.

प्रतिसभेची गोष्ट अशी. मेळाव्यात येणाऱ्याच्या गळ्यात एक बिल्ला असतो. पूर्वी त्यावर नुसतं नाव असे. मग त्यात एक बारीकसं यंत्र आलं, सगळ्यांची परवानगी घेऊन. माणूस कंटाळला की आधी त्याचे पाय हलतात, मग मान वळते, मग हात खिशातल्या फोनकडे जातो. रस वाटला की श्वास किंचित संथ होतो आणि अंग पुढे झुकतं. बिल्ला हे सगळं टिपून घेई. प्रश्न विचारायचा तर बिल्ल्याचंच बटण दाबून बोलायचं, म्हणून कुणी कशावर काय विचारलं तेही त्यात जाई. अशा काही वर्षांच्या नोंदींवरून प्रत्येक बिल्ल्यामागे एक 'प्रतिश्रोता' तयार झाला. त्या माणसासारखा रमणारा, त्याच्यासारखा कंटाळणारा, त्याच्यासारखे प्रश्न विचारणारा. नाव पुसलेलं, फक्त खुर्चीचा क्रमांक. आलेल्या प्रस्तावावरून यंत्र अख्खं भाषण रचतं, या प्रतिश्रोत्यांना शेकडो वेळा ऐकवतं आणि निकाल देतं. निम्म्याहून जास्त खुर्च्या हिरव्या राहिल्या तरच भाषण मंजूर. स्वतःच्या भाषणाला स्वतःच माना डोलवू नयेत म्हणून प्रस्ताव देणाऱ्याचा प्रतिश्रोता त्यातून वगळलेला असतो.

संयोजक यावर बेहद्द खूश होते. वशिलेबाजी संपली आणि रटाळ भाषणंही संपली. प्रेक्षक आता एकदाही जांभई न देता घरी जातात.

हेमांगीने छ-१७ वर बोट टेकवलं. भाषणानंतर त्या प्रतिश्रोत्याने काय विचारलं असतं, ते यंत्राने खाली लिहिलं होतं:

'ते सगळं ठीक. पण चुकीचं लिहिणाऱ्याचं काय?'

चहा निवून गेला. असा प्रश्न विचारणारा जगात एकच माणूस होता, सुकुमार चौगुले.

वेळकाढू दोघांचं होतं. वालचंद कॉलेजमधून बाहेर पडल्यावर दोघांनी ते एका टेबलावर बसून लिहिलं, आणि ते चावट नाव सुकुमारचंच. मेळाव्याकडून एका मॉड्यूलला एकच बिल्ला मोफत मिळे, म्हणून दोघे एकाच बिल्ल्यावर जात. सकाळी तो सुकुमारच्या गळ्यात, दुपारी हिच्या. सकाळच्या भाषणांत सुकुमार हमखास बटण दाबून तोच प्रश्न विचारी, आणि दारात उभी राहून हेमांगी कपाळाला हात लावी.

भांडण झालं ते जतच्या एका बाईवरून. तिने डोळे दाखवायला फॉर्मवर 'दिवस कलल्यावर' असं लिहिलं. बाईच्या मनात दोन होते; सुकुमारने लिहिलेल्या भागाने अंदाज बांधून चारची वेळ दिली. डॉक्टर तीनलाच उठून गेले होते आणि ते आठवड्यातून एकदाच येत. बाई चार कोस आली आणि तशीच परत गेली. हेमांगीला ते फार लागलं. सुकुमार बहिणीच्या लग्नात गुंतला असताना तिने मॉड्यूलमध्ये बदल केला. शंका आली की अंदाज करायचा नाही, माणसाला पुन्हा विचारायचं, 'म्हणजे किती वाजता?' आणि बदल करून ती मोकळी झाली.

सुकुमार परत आला, आकडे बघितले आणि म्हणाला, "निम्मी लोकं दुसऱ्या प्रश्नाला फॉर्म बंद करायला लागलीत. दोनदा विचारलं की माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. फोन खिशात घालतो आणि घरी बसतो. तुझी ती बाई निदान दवाखान्यापर्यंत पोचली तरी. ह्यांचं काय?"

"अंदाजाने कुणाचा दिवस वाया घालवायचा मला हक्क नाही," ती म्हणाली.

"आणि न विचारता माझं काम पुसायचा आहे?"

एवढंच झालं. आवाज चढला नाही की दार आपटलं नाही. आपल्याकडे माणसं तुटतात ती अशीच. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिने का आला नाहीस म्हणून विचारलं नाही. मग आठवडा गेला आणि मग वर्षं गेली. कुणाकडून तरी कळलं की तो तासगावला घरचं बेदाण्याचं शेड सांभाळतो. त्याचा नंबर तिच्या फोनमध्ये होता, आणि तिचा त्याच्याही असणार.

आणि आता हा हिरवा ठिपका.

तिने निलोफर मुजावरला फोन लावला. निलोफर मिरजेची, हेमांगीच्या हाताखाली शिकलेली आणि आता मेळाव्याच्या प्रस्ताव समितीची प्रमुख.

"निलोफर, छ-१७ कोण आहे?"

"ताई, ते मलाच दिसत नाही, तुम्हाला काय सांगू? खुर्चीला नाव नसतं."

"मेळाव्याला येणारंच कुणीतरी असेल ना?"

"हो तर. जो येतो त्याचा प्रतिश्रोता दर वर्षी ताजा होतो," निलोफर म्हणाली. तिने आणखीही काही सांगितलं, पण हेमांगीचं मन तेवढ्यात पुण्याला पोचलं होतं.

म्हणजे तो येत होता. इतकी वर्षं दर मेळाव्याला येऊन, तिला न भेटता, मागच्या कुठल्याशा रांगेत बसून ऐकत होता. या विचाराने तिला बरं वाटलं. आणि थोडा रागही आला, कारण तीही दर वर्षी जात होती आणि चहाच्या रांगेत एकदाही नजरेस पडला नाही तो.

"अगं, मग फोन कर की त्याला," आई म्हणाली. "दोघंही मूग गिळून बसलाय."

"फोनवर काय बोलणार? तो ऐकतोय ना, मग तिथेच सांगते."

दुसऱ्या संधीसाठी तिने यंत्राचा सल्ला घेतला. प्रतिसभा नुसती नापास करत नाही, सुधारणाही सुचवते. आरंभी हशा पिकवणारा किस्सा घ्या. 'माझ्या तीन घोडचुका' असं नाव द्या. जतची बाई सहाव्या मिनिटाला आणा, पण तिला डॉक्टर भेटले असं दाखवा. मतभेदाचा भाग गाळा, तिथे खुर्च्या राखाडी होतात. हेमांगीने नाक मुरडत सगळं केलं. यंत्र आणि ती, दोघांनी मिळून एक गुबगुबीत, गोजिरवाणं भाषण बनवलं.

सकाळी नकाशा उघडला तर सभागृह हिरवंगार होतं. भाषण मंजूर, मोठं सभागृह, पहिल्या दिवशी, चहाच्या आधीची मोक्याची वेळ. फक्त छ-१७ दुसऱ्या मिनिटाला उठून गेला होता.

तिने पुन्हा निलोफरला फोन केला.

"ताई, अभिनंदन. आता काय बिनसलं?"

"मला एक खरं सांग. हल्ली रिकाम्या खुर्च्या ठेवतात ना लोक? बसतं कुणी?"

पलीकडे निलोफरने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "प्रतिसभा आल्यापासून एकही खुर्ची भरलेली नाही. हे मी समितीत मांडलं. तर म्हणाले, समाधानाचे आकडे बघा किती वर गेलेत. ताई, खूश झालेला माणूस टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. उठून वर येतो तो काहीतरी टोचलेला माणूस. आणि टोचणारं सगळं आपण गाळून टाकतो."

हेमांगी दिवसभर त्याच विचारात होती. हातात मंजूर भाषण होतं. पाचशे लोक ऐकणार होते, हसणार होते, आणि वर्षअखेर वेळकाढू निघून जाणार होतं. किंवा तिसरी संधी वापरायची आणि हेही घालवायचं, कारण नियम असा की शेवटचा निकाल तोच खरा. पण ती खुर्ची भरली पाहिजे होती, आणि तिला माहीत असलेला टोचलेला माणूस एकच होता.

तिने तिसरा प्रस्ताव लिहिला तो एकट्या छ-१७ साठी. त्यात किस्सा नव्हता. जतची बाई परत गेली तशीच परत गेली. फॉर्म बंद करणारी निम्मी माणसंही त्यात आली, ज्यांच्याबद्दल ती इतकी वर्षं एक अक्षर बोलली नव्हती. अंदाज करावा की पुन्हा विचारावं, हा प्रश्न आपल्याला एकटीला सुटलेला नाही आणि सुटणारही नाही, असं तिने सरळ लिहिलं. सुकुमारच्या नावासकट लिहिलं.

निकाल लागायचा तसाच लागला. सभागृह राखाडी झालं. छ-१७ मात्र शेवटपर्यंत हिरवा, आणि या वेळी प्रश्नाच्या जागी यंत्राने लिहिलं होतं: 'प्रश्न नाही. ऐकतोय.'

संध्याकाळी निलोफरचाच फोन आला. "ताई, समितीच्या प्रमुखाला एक भाषण आपल्या अखत्यारीत घेता येतं, आकडे न बघता. आजवर कुणी हा अधिकार वापरला नाही, भीतीच वाटते सगळ्यांना. शेवटचा दिवस, शेवटची वेळ, लहान सभागृह. चालेल?"

"तुला बोलणी बसतील."

"बसू देत. तुमच्याकडे शिकताना पुष्कळ खाल्लीत."

मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी हेमांगी बाणेरच्या त्या सभागृहात दुपारीच जाऊन बसली. आधीच्या भाषणांना टाळ्या पडत होत्या आणि हशाही ठरल्या जागी येत होता. कुणी चुळबुळत नव्हतं. ती मात्र एकेका चेहऱ्याकडे बघत होती. सुकुमारचे केस आता पांढरे झाले असतील का, पोट सुटलं असेल का, याचा अंदाज बांधत होती. तो काही दिसला नाही.

चहाच्या वेळी निलोफर तिला शोधत आली. चेहरा पडलेला होता.

"ताई, इकडे या जरा." तिने हेमांगीला जिन्याखाली नेलं. "आकड्यांबाहेरचं भाषण घेतलं की त्या निकालाची तपासणी करावी लागते. प्रस्ताव देणाऱ्याचा प्रतिश्रोता चुकून सभेत राहिला नाही ना, एवढंच बघायचं. म्हणून आज छ-१७ उघडावा लागला."

"मग?"

"तुमच्या नावाचा बिल्ला बरोबर वगळला होता. पण छ-१७ वर माणसाचं नावच नाही. तो 'वेळकाढू'च्या नावाचा बिल्ला आहे. जुना, मोफतवाला."

हेमांगीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली.

सकाळी सुकुमारच्या गळ्यात, दुपारी तिच्या. यंत्राला काय ठाऊक? त्याच्या लेखी तो एकच माणूस होता. सकाळचा प्रश्न विचारणारा आणि दुपारी न हलता शेवटपर्यंत ऐकणारी, दोघांना कालवून त्याने एक श्रोता बनवला होता. तो प्रश्न सुकुमारचा होता, पण चिवटपणा तिचा स्वतःचा.

"पण तू म्हणालीस दर वर्षी ताजा होतो."

"जे येतात त्यांचा. जे येत नाहीत त्यांचा होता तसाच राहतो, हेही म्हणाले होते मी." निलोफर तिच्या शेजारी बसली. "तो बिल्ला तेव्हापासून पुन्हा कधी आलेलाच नाही, ताई. आणि सुकुमार चौगुले या नावाने दुसरा कुठला बिल्लाही नाही. सॉरी. भाषणाआधी सांगू की नको, हेच कळत नव्हतं."

म्हणजे तो आलाच नव्हता. एकदाही नाही. जिच्यासाठी तिने मोठं सभागृह सोडलं, ती खुर्ची म्हणजे फार पूर्वीची ती दोघं होती, भांडणाच्या आधीची. त्यांचं ऐकणारं तेवढं एकच माणूस जगात उरलं होतं आणि तेही यंत्रात.

हेमांगीला रडू आलं. निलोफरने रुमाल पुढे केला.

"अजून वेळ आहे," थोड्या वेळाने निलोफर म्हणाली. "तुमचं दुसरं भाषण तयार आहे ना? ते करा. लोक हसतील, मलाही बोलणी बसणार नाहीत. कुणी सांगावं, एखादा येईलही वर."

हेमांगीने डोळे पुसले. तिला एकदम स्वतःचंच हसू आलं, आणि त्या हसण्यात सुख काही नव्हतं. माणसाला पुन्हा विचारलं पाहिजे म्हणून ती त्याच्याशी भांडली, आणि त्याच माणसाला तिने एकदाही विचारलं नाही. न विचारता समजून घ्यावं म्हणणारा तो, आणि त्यानेही काही समजून घेतलं नाही. दोघांनी आपापलं तत्त्व मॉड्यूलला दिलं आणि स्वतःसाठी काही ठेवलं नाही. तिने तर एका नकाशावरून केवढा मोठा अंदाज बांधला होता.

तिने फोन काढला. नंबर होता तिथेच होता.

बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला. मागे पत्र्यावर काहीतरी ओतल्यासारखा आवाज होता आणि माणसं बोलत होती.

"हॅलो?"

"सुकुमार, हेमांगी बोलतेय."

मागचे आवाज लांब गेले. तो शेडच्या बाहेर आला असावा.

"बोल की," तो म्हणाला.

तिला वाटलं होतं, बोलताना शब्द फुटणार नाहीत. पण तोंडातून निघालं ते असं, "निम्मी लोकं फॉर्म बंद करत होती. तू सांगितलेलं बरोबर होतं."

"आता किती करतात?"

"अजूनही तिसरा हिस्सा करतात."

"मग अंदाज करायचा, आणि अंदाज केलेली वेळच दाखवायची त्याला," सुकुमार म्हणाला, जणू कालच टेबलावरून उठला होता. "दिवस कलल्यावर म्हणजे चार, चालेल का? असं. प्रश्नाचा प्रश्न होतो आणि माणसाला चुकल्यासारखंही वाटत नाही." मग आवाज उतरला. "हे मला त्याच आठवड्यात सुचलं होतं. आणि ती जतची बाई, तिथं चुकलं ते माझं. सांगायला यावं म्हणत होतो. मग वाटलं तूच विचारशील का आला नाहीस म्हणून."

"मला वाटलं तू समजून घेशील."

कुठेतरी मागे ट्रॅक्टर सुरू झाला.

तिने त्याला सगळं सांगितलं. दोन सांभाळणाऱ्यांचा नियम, वर्षअखेर, रिकामी खुर्ची, आणि जिच्यावर ती फसली ती छ-१७. छ-१७ ची गोष्ट ऐकून तो पोट धरून हसला. "मोफत बिल्ल्याची हाव," तो म्हणाला. "तेव्हाच म्हणालो होतो, दोन घेऊ."

"मीच म्हणाले होते."

"असेल. किती वाजता आहे तुझं?"

"आत्ताच."

"आत्ता मी तासगावात आहे बाई. बेदाणा उन्हात पसरलाय." तो घुटमळला. "फोन चालू ठेव. ऐकतो."

लहान सभागृहात चाळीसेक माणसं होती. बरीचशी गाड्यांच्या वेळा होईपर्यंत टेकायला आलेली. हेमांगीने शेजारी रिवाजाप्रमाणे खुर्ची ठेवली आणि तिच्यावर फोन ठेवला. लोकांत थोडी कुजबुज झाली. मग तिने तिसरं भाषण केलं, प्रतिसभेने झाडून नापास केलेलं. चौथ्या मिनिटाला दोघे उठून गेलेही. यंत्र अगदीच चुकलं नव्हतं. पण बाकीचे बसले. तिने जतच्या बाईचं सांगितलं, घरी बसलेल्या माणसांचं सांगितलं, दोघांच्या भांडणाचं आणि त्यात कोण किती बरोबर होतं तेही सांगितलं. एका बिल्ल्यातून दोन माणसं कशी एक झाली हे सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतला एक जण पुढे झुकून ऐकू लागला. हसावं की नाही, हे लोकांना कळत नव्हतं. बऱ्याच दिवसांनी त्यांना कुणी ते आधी ठरवून दिलेलं नव्हतं.

"माझं संपलं," ती म्हणाली. "काही प्रश्न?"

कुणी बटण दाबलं नाही. मग खुर्चीवरून आवाज आला.

"ते सगळं ठीक. पण चुकीचं लिहिणाऱ्याचं काय?"

सभागृह हसलं. मागे भिंतीला टेकून उभी असलेली निलोफर मात्र तोंडावर हात धरून उभी होती. आणि हेमांगीने ते उत्तर, जे दोघांना मिळून द्यायला इतकी वर्षं लागली, फोनकडे वळून दिलं.

"त्याला आपण काय समजलो, ते सांगायचं," ती म्हणाली. "आणि बरोबर आहे का, ते विचारायचं. मी विचारलं नाही."

फोनमधून वाऱ्याचा आवाज येत राहिला.

"बरं," सुकुमार म्हणाला. "मग त्या खुर्चीवर मी बसलोय असं धर."

टाळ्या पडल्या, थोड्याच, पण ठरलेल्या जागी नव्हे. समितीतले एक गृहस्थ पुढे येऊन निलोफरला विचारू लागले की फोन ठेवला तर खुर्ची भरली असं नियमात बसतं का. निलोफर म्हणाली, नियम लिहिलेलाच नाही, तर बसायचं कशात?

हेमांगीने फोन उचलून कानाला लावला. असं धर, असं तो म्हणाला होता. तिला ते धरून चालायचं नव्हतं.

"सुकुमार, नक्की येतोयस ना? पुन्हा विचारतेय."

"विचार की," तो म्हणाला. "मी बंद नाही करत."